ठसा आणि घाव

टांकसाळही चुकते. मिनिटाला शेकडो नाणी पाडणाऱ्या यंत्राच्या तोंडात एखादी चकती तिरपी शिरते, एखादे नाणे ठशालाच चिकटून बसते, एखाद्या ठशाला तडा जातो. आणि तपासणाऱ्यांच्या नजरेतून निसटून असे नाणे थैलीतून बँकेत व बँकेतून बाजारात येते. शेकडो हातांतून ते फिरते, तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्याच्या ध्यानात येते त्याच्या मनात मात्र एक प्रश्न घर करून बसतो. हे नाणे जन्मतःच असे आहे, की जन्मल्यानंतर कोणी त्याला असे केले?

कोल्हापूरच्या गुजरीत चार तपे तराजूसमोर बसलेल्या एका वृद्ध सराफांकडे हा प्रश्न घेऊन लोक येतात. पेठेत त्यांना सगळे अप्पा म्हणतात. पेढी आता मुलाच्या हाती आहे. अप्पा दुपारी दोन तास मागच्या खोलीत बसतात, समोर दहापट मोठे दाखवणारे भिंग, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा काटा आणि जुना टेबललॅम्प. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण निराश होऊन परततात. कोणाच्या हातात रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटा केलेला रुपया असतो, कोणाच्या हातात माळेला लावण्यासाठी कडी डकवून मग काढलेला राणीछाप रुपया. अप्पांचे सांगणे एकच असते. “नाणे किती विचित्र आहे ते मला सांगू नका. टांकसाळीतल्या कोणत्या पायरीवर असे होऊ शकेल, ते सांगा. पायरी सापडत नसेल, तर नाणे खिशात परत ठेवा.”

ही पायरी शोधायची तर नाणे कसे घडते हे आधी ठाऊक हवे. धातूची पट्टी लाटून हव्या त्या जाडीची करतात आणि तीतून गोल चकत्या कापतात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करणे, धुऊन उजळणे, कडेने दाबून त्यांचा काठ किंचित उचलणे, या क्रिया मग होतात. अशी कोरी चकती खालच्या ठशावर येऊन बसते. तिच्याभोवती पोलादी कडे असते आणि वरून दुसरा ठसा आदळतो. त्या क्षणार्धात घट्ट धातू अक्षरशः वाहतो. ठशात जेथे खोलगट जागा असेल तेथे तो शिरतो आणि नाण्यावर चित्र उठते. कड्याला टेकतो तेथे काठ घडतो, काठावरचे दातेही तेव्हाच उमटतात. या एका आघातात जे घडले ते नाण्याचे स्वतःचे. त्यानंतर धातू वाहत नाही. तो खरवडला जातो, चेपला जातो, झिजतो, कापला जातो. वाहिलेला धातू आणि चेपलेला धातू यांतला फरक ओळखणे म्हणजेच ही सारी विद्या, असे अप्पांचे मत आहे. आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही.

सर्वांत सोपे उदाहरण रेघेचे. नाण्यावर आडवी रेघ दिसली की लोक तिला ठशाचा तडा म्हणू लागतात. पण ठशाला तडा गेला तर ठशावर भेग पडते, धातू त्या भेगेत शिरतो, आणि नाण्यावर उमटते ती उंचावलेली रेघ. ओरखडा याच्या नेमका उलट. तो नाण्याच्या अंगात खोल गेलेला असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना उकरलेल्या मातीसारखा धातू वर आलेला असतो. दिवा एका बाजूने धरून नाणे हळूहळू फिरवले की सावली आपोआप सांगते. पुसलेल्या अक्षराचेही तसेच. ठशातल्या एखाद्या अक्षरात वंगण आणि धूळ साचली, तर धातूला तेथे शिरायला जागाच राहत नाही आणि अक्षर अर्धवट उठते किंवा मुळीच उठत नाही. पण त्या जागेची पातळी आणि चमक आजूबाजूच्या पृष्ठभागासारखीच असते. कानशीने अक्षर घालवले असेल तर भिंगाखाली बारीक समांतर रेघा दिसतात आणि जागा किंचित खचलेली असते. जी वस्तू मुळात नव्हती आणि जी होती पण काढून टाकली, या दोहोंच्या खुणा निराळ्या असतात.

हे सारे यंत्राच्या नाण्यांना लागू. मुंबईच्या फोर्टातील टांकसाळ १८२९ ची. तिच्यासारख्या टांकसाळींतून वाफेच्या यंत्राने एकसारखी नाणी पडू लागली, तेव्हाच ‘चूक’ या शब्दाला अर्थ आला. शिवराई घेऊन येणाऱ्यांना अप्पा हे आवर्जून सांगतात. शिवराईचा ठसा पुष्कळदा तांब्याच्या तुकड्याहून मोठा असे, आणि घाव हाताने घातलेला. त्यामुळे ‘श्री राजा शिव’ यातले एखादे अक्षर नाण्याबाहेर जाणे हा तेथे नियमच होता. अक्षर तुटले म्हणून शिवराई दुर्मीळ ठरत नाही. जुन्या चांदीच्या रुपयांवर चंद्रकोर, फूल किंवा टिंब यांच्या बारीक छापा दिसतात. त्याही टांकसाळीच्या नव्हेत. रुपया खरा आहे हे पारखून सराफांनीच त्या मारलेल्या आहेत. नाण्याच्या दृष्टीने ती इजा. परंतु त्या इजेत एका पारख्याचा शब्द गुंतलेला आहे, म्हणून अप्पा तिला घाव म्हणायला तयार नसतात. हा अर्थात त्यांचा पेशाभिमान.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एक विधवा बाई आपल्या मुलीसह त्यांच्याकडे आल्या. पती एसटीत वाहक होते. सव्वीस वर्षे तिकिटे फाडताना हातात येणाऱ्या चिल्लरीतून वेगळे दिसणारे नाणे ते बाजूला काढीत आणि तेवढीच रक्कम स्वतःच्या खिशातून थैलीत टाकीत. असा बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा त्यांच्यामागे उरला होता. त्यात ६३ नाणी होती. प्रत्येक नाणे जुन्या तिकिटाच्या कागदात गुंडाळलेले आणि वर बारीक अक्षरात नोंद: ‘दुहेरी ठसा’, ‘लाखी’, ‘पातळ’, ‘कड फुटलेले’. आजारपणात त्यांनी मुलीला सांगितले होते की पुढच्या शिक्षणाची चिंता करू नकोस, डब्यात तुझे पैसे आहेत. मुलगी रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुढच्या प्रवेशाच्या उंबरठ्यावर उभी होती. डब्याला किती येतील, एवढेच आईला विचारायचे होते.

अप्पांनी डबा उघडला, चार-पाच पुड्या सोडवल्या आणि पुन्हा बंद केला. काय दिसले ते त्यांना कळले होते. त्या माणसाच्या अक्षरासमोर तडकाफडकी निकाल देणे त्यांना जड गेले असावे. ते मुलीला म्हणाले, “बाळ, रोज दुपारी एक तास येशील का? मी सांगणार नाही. तू पाहा, आणि तूच सांग.”

पहिल्या आठवड्यातच डबा हलका झाला. ‘पातळ’ म्हणून जपलेले तीन रुपये तिने काट्यावर ठेवले. १९९२ मध्ये आलेल्या स्टेनलेस स्टीलच्या रुपयाचे वजन ४.८५ ग्रॅम, यांचे बरेच कमी. पण पट्टीच पातळ लाटली गेली असती तर ठशाचा दाब पुरेसा न बसून मधले चित्र फिके पडले असते आणि पृष्ठभाग नितळ राहिला असता. येथे चित्र, अक्षरे, काठ, खोलगट कोपरे सारे सारखेच खाल्लेले होते, आणि भिंगाखाली बारीक खड्डे. “आम्ल,” ती म्हणाली. प्रयोगशाळेत असे पृष्ठभाग तिने पाहिलेले होते. दहा रुपयांची दोन नाणी मधली चकती नसलेली निघाली. पिवळे कडे आणि पांढरी चकती एकमेकांत घट्ट बसतात ती ठशाच्या त्याच एका आघाताने. चकतीविना कडे ठशाखाली आले असते, तर धातू मोकळ्या भोकाकडे वाहून भोक आकसले असते. येथे भोक जसेच्या तसे होते आणि आतल्या भिंतीवर चकती बसल्याची खूणही शाबूत होती. म्हणजे चकती नंतर ठोकून काढलेली. दोन्ही बाजूंना सिंहमुद्रा असलेला एक रुपया होता. अप्पांनी तो लाकडी फळीवर टाकून फक्त वाजवला. बद्द आवाज आला. मग काठाच्या आतल्या बाजूला तिला केसाएवढी गोल फट दिसली; एक नाणे पोखरून त्यात दुसऱ्याची पातळ चकती बसवलेली. जादूगारांच्या कामाची ती वस्तू.

‘मागची बाजू वाकडी’ अशी नोंद असलेली तीन नाणी मात्र राहिली. आपले आजचे नाणे उभ्या अक्षावर फिरवले की मागची बाजूही सरळ दिसली पाहिजे. दोहोंपैकी एक ठसा सैल होऊन फिरला, तर मागचे चित्र तिरपे किंवा थेट उलटे येते. ही चूक बाहेर करता येत नाही, कारण दोन्ही बाजू निर्दोष आणि काठ अखंड ठेवून फक्त एका बाजूचे चित्र फिरवण्याचा उपायच नाही. निःशंकपणे खरी, आणि तरीही स्वस्त; कारण अशी नाणी पुष्कळ निसटली आहेत. खरेपणा आणि किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मुलीला त्या दिवशी कळले, आणि ते तिला आवडले नाही.

डब्याच्या तळाशी गेंड्याचे चित्र असलेले २५ पैशांचे एक नाणे होते. ३० जून २०११ नंतर ही नाणी चलनातून गेली, म्हणजे पुडी त्याच्या आधीची. नोंद होती: ‘कापलेले, उपयोग नाही’. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला. मुलीने ते बाजूला टाकले तेव्हा अप्पांनी एवढेच विचारले, “समोरचा काठ पाहिलास?” तुटलेल्या भागाच्या बरोबर समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला, काठ जवळजवळ नाहीसा झालेला होता. तेथे कसलाही घाव नव्हता. तिने बराच वेळ विचार केला आणि पायरी सापडली. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, म्हणून कापणारे तोंड आधी पडलेल्या भोकावर आले आणि चकती अपुरी निघाली. पुढे कडेने दाबून काठ उचलताना तुटलेल्या जागी दाबाला आधारच मिळाला नाही, म्हणून समोरच्या जागीही काठ उठला नाही. शिवाय तुटीजवळची अक्षरे चिरलेली नव्हती, तर बाहेरच्या बाजूला ओढल्यासारखी पसरलेली होती. ठसा बसला तेव्हा तूट तेथे होतीच आणि धातू तिच्याकडे वाहिला होता. कात्रीने कापलेल्या नाण्यात अक्षर मध्येच तुटते, आणि समोरच्या काठाला त्या कापण्याची बातमीही नसते. वडिलांनी टाकाऊ ठरवलेले नाणे खरे होते.

मग ‘लाखी’. आपल्याकडचे संग्राहक आणि व्यापारी या प्रकाराला याच नावाने ओळखतात. नाणे पडल्यावर बाहेर न जाता वरच्या ठशाला चिकटून राहते. खाली नवी कोरी चकती येते. तिच्या एका अंगावर ठशाचे नेहमीचे चित्र उठते. दुसऱ्या अंगावर ठशाऐवजी ते चिकटलेले नाणेच आदळते आणि त्याच्या उठावदार चित्राची खोल, आरशातल्यासारखी उलटी छाप पडते. परिणाम असा की नाण्याच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र येते, एकीकडे उठलेले व दुसरीकडे रुतलेले, आणि उरलेल्या ठशाचे चित्र त्या नाण्यावर कुठेच नसते. डब्यात अशा नोंदीची दोन नाणी होती. पहिला स्टीलचा रुपया. एका बाजूला सिंहमुद्रा स्वच्छ उठलेली, दुसऱ्या बाजूला तीच खोल आणि उलटी; ‘१’ हा आकडा नाही, गव्हाच्या ओंब्या नाहीत. वजन पूर्ण. अप्पांनी भिंग खाली ठेवले आणि पहिल्यांदाच हसले.

दुसरे नाणे दोन रुपयांचे, अकरा कोनांचे, भारताचा नकाशा आणि ध्वज असलेले. हे चिल्लरीतून आलेले नव्हते. एका प्रदर्शनात वडिलांनी ते ६,००० रुपयांना विकत घेतले होते. मुलीला तो महिना आठवत होता, कारण शाळेच्या सहलीचे पैसे त्या महिन्यात भरले गेले नव्हते. डब्याचा खरा ऐवज तो हाच समजत असत. नकाशाच्या बाजूला सिंहमुद्रेची उलटी छाप खोल रुतलेली होती आणि पाहणाऱ्याला ती थक्क करणारीच होती. मुलगी तीन दिवस त्या नाण्याशी बसली. अप्पा पेपर वाचत राहिले.

पहिल्या दिवशी तिने सिंहाच्या छापेखाली नकाशाची किनाररेषा शोधली; ती चेपलेली होती, पण होती. खऱ्या लाखीत नकाशा असायलाच नको. दुसऱ्या दिवशी तिने नाणे उलटले. मागची सिंहमुद्रा सपाट झाली होती. आयाळीचे उंच भाग दाबून चकचकीत झालेले, अक्षरांचे माथे बसलेले. खऱ्या लाखीत ही बाजू सर्वांत रेखीव असते, कारण तिच्यामागे ठसा असतो आणि धातू त्यात शिरत असतो. येथे मागे कोणताही ठसा नव्हता; होता तो व्हाइसचा सपाट जबडा. दोन नाणी तोंडाला तोंड लावून फिटरच्या व्हाइसमध्ये आवळली की एकाची छाप दुसऱ्यावर बसते आणि दोघांच्या पाठी चेपतात. तिसऱ्या दिवशी तिने काही पाहिले नाही. चिठ्ठी उलटी करून वडिलांच्या नोंदीच्या पाठीमागे लिहिले: ‘दोन नाण्यांत दाबलेले. टांकसाळीबाहेरचे.’

आईला हे कळल्यावर त्या रागावल्या. मुलीवर नव्हे, अप्पांवरही नव्हे, पण रागावल्या. मग म्हणाल्या, “विकणाऱ्याने त्यांना सांगितले नव्हते. घेणाऱ्याने आता आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावे. आपण खोटे काहीच बोलणार नाही, फक्त पुढे ठेवणार.” हा युक्तिवाद बाजारात नवा नाही, आणि पोटाची निकड असलेल्या माणसाच्या तोंडी तो अगदीच गैरवाजवीही वाटत नाही. अप्पांनी वाद घातला नाही. “ताई, नाणे तुमचे आहे,” ते म्हणाले. “त्याने काही विचारले नाही, तर काय करायचे तेवढे निघण्याआधी ठरवा.”

मायलेकी पुण्याच्या एका नाणे प्रदर्शनाला गेल्या. एका व्यापाऱ्याने पाच खरी नाणी आणि ते दोन रुपयांचे, अशी सहा नाणी मखमलीच्या तबकात मांडली. तीन फिरलेल्या ठशांची त्याने सरसकट किंमत केली, कापलेल्या २५ पैशांचा काठ पाहून मान डोलावली, रुपयाची लाखी दोनदा उलटली. मग दोन रुपयांचे नाणे उचलले, नकाशाची बाजू पाहिली आणि ९,००० म्हणाला. त्याने काहीच विचारले नव्हते. आई मुलीकडे पाहत होत्या. मुलगी म्हणाली, “ते टांकसाळीतले नाही. मागची बाजू पाहा.” त्याने नाणे उलटले, भिंग लावले आणि काही न बोलता ते तबकाबाहेर तिच्या बाजूला ठेवले. उरलेल्या पाचांचे मिळून ३,७०० रुपये झाले. त्यातले २,८०० एकट्या लाखीचे.

परतीच्या एसटीत कराडपर्यंत आई खिडकीबाहेर पाहत बसल्या होत्या. प्रवेशाच्या पहिल्या हप्त्याला ती रक्कम पुरली नाही. उरलेले पैसे त्यांनी पतसंस्थेतून कर्जाने घेतले आणि मुलगी सुट्टीच्या दिवशी शिकवण्या घेऊ लागली. दोन रुपयांचे नाणे त्याच चिठ्ठीत गुंडाळून डब्यात परत गेले. अप्पांनी ते नवशिक्यांना दाखवण्यासाठी मागितले होते. आईंनी दिले नाही.